अमेरिकेतील राज्यांचे नोकरीविषयक कायदे: भरती, रेफरन्स आणि कामाबाहेरचे वर्तन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नोकरी करणारे आणि नोकरीसाठी तिकडे जाण्याच्या तयारीत असलेले मराठी वाचक व्हिसाचे नियम बारकाईने वाचतात, कारण तिथला मुक्कामच त्यावर अवलंबून असतो. पण मुलाखतीत कंपनी काय विचारू शकते, जुनी कंपनी आपल्याविषयी काय सांगू शकते आणि सुटीच्या दिवशी आपण जे करतो त्यावरून नोकरी जाऊ शकते का, या गोष्टी बहुतांशी राज्याच्या कायद्यांनी ठरतात, आणि ते कायदे अडचण येईपर्यंत सहसा कोणी उघडून पाहत नाही. या पानावरील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष वाद उभा राहिल्यास त्या राज्यात वकिली करणाऱ्या, नोकरीविषयक कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

मला फेडरल कायदा लागू होतो की राज्याचा?

दोन्ही लागू होतात. फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा कायदा सर्व देशासाठी किमान पातळी ठरवतो आणि राज्याला कामगाराच्या बाजूने त्याहून अधिक देण्याची मोकळीक असते. वंश, धर्म, लिंग, जन्मदेश यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा पंधरा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतो; कॅलिफोर्नियाचा तशाच स्वरूपाचा कायदा पाच कर्मचाऱ्यांच्या कंपनीलाही लागू होतो. छोट्या स्टार्टअपमध्ये किंवा ओळखीच्या माणसाच्या दुकानात काम करणाऱ्याला हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

कंपनीचे मुख्यालय कोठे आहे यापेक्षा आपण प्रत्यक्ष कोठे बसून काम करतो, हे साधारणपणे निर्णायक ठरते. टेक्सासमधील कंपनीसाठी न्यू जर्सीतील घरातून काम करणाऱ्या व्यक्तीने आधी न्यू जर्सीचा कायदा पाहावा. काही शहरांचेही स्वतंत्र नियम असतात. न्यूयॉर्क शहराचे नियम तर अनेक बाबतींत राज्याच्याही पुढे गेलेले आहेत.

‘अ‍ॅट-विल’ नोकरी म्हणजे नेमके काय?

कंपनीने कोणत्याही दिवशी, कारण न देता कामावरून काढावे आणि कर्मचाऱ्यानेही तसेच कोणत्याही दिवशी सोडून जावे, अशी मुभा देणारी ही पद्धत आहे. माँटाना सोडून सर्व राज्यांत हाच मूळ नियम आहे. माँटानाने १९८७ मध्ये कायदा करून परिवीक्षेचा काळ संपलेल्या कर्मचाऱ्याला सबळ कारणाशिवाय काढता येणार नाही, असे ठरवले.

भारतात नोटीस पीरियड, राजीनामा मंजूर होणे, रिलीव्हिंग लेटर अशी सवय असलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पुढील सर्व प्रश्नांची उत्तरे याच पार्श्वभूमीवर वाचावीत, कारण आपल्याला काढणे ‘अन्यायाचे’ होते एवढे म्हणून तिथे भागत नाही. कायद्याने ज्या कारणांना मनाई केली आहे, त्यांपैकी एखाद्या कारणावरून आपल्याला काढले, हे दाखवावे लागते. राज्यांचे कायदे म्हणजे या निषिद्ध कारणांची यादी, आणि ती प्रत्येक राज्यात वेगळी आहे.

मुलाखतीत आधीचा पगार विचारला तर सांगावाच लागतो का?

अनेक राज्यांत कंपनीला हा प्रश्न विचारण्याचीच मनाई आहे. मॅसॅच्युसेट्सने असा कायदा सर्वांत आधी, २०१६ मध्ये, संमत केला आणि तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. कॅलिफोर्नियाचा नियम त्याआधीच, १ जानेवारी २०१८ पासून, अमलात आला होता. न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर २०१७ पासून आणि न्यूयॉर्क राज्यात जानेवारी २०२० पासून ही मनाई आहे. याउलट मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांनी २०१८ मध्ये आपल्या शहरांना व काउंट्यांना असे नियम करता येणार नाहीत, असा कायदा केला.

या कायद्यांमागचा विचार सरळ आहे. स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना पहिल्या नोकरीत कमी पगार मिळाला असेल आणि पुढची प्रत्येक कंपनी त्याच आकड्यावर थोडी वाढ देत राहिली, तर तो पहिला अन्याय निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. भारतातून थेट गेलेल्या उमेदवाराची अडचणही काहीशी अशीच असते. पुण्यातला पगार डॉलरमध्ये मांडला की तो इतका लहान दिसतो की समोरच्याला कमी आकडा पुढे करण्याचा मोह होतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की जिथे कायद्याचे संरक्षण आहे तिथे उमेदवाराने आपणहून पगार सांगू नये. कॅलिफोर्नियात उमेदवाराने न विचारता, स्वेच्छेने आकडा सांगितला, तर कंपनीला नवा पगार ठरवताना तो विचारात घेता येतो. म्हणजे बोलण्याच्या ओघात आपणच आपले संरक्षण घालवून बसतो. ‘या पदासाठी पगाराची मर्यादा काय ठेवली आहे?’ असा उलट प्रश्न नम्रपणे विचारावा. कॅलिफोर्नियात उमेदवाराने वाजवी रीतीने मागणी केल्यास ती मर्यादा सांगणे कंपनीवर बंधनकारक आहे.

जाहिरातीतच पगार छापण्याचे बंधन कोठे आहे?

कोलोरॅडोमध्ये १ जानेवारी २०२१ पासून आहे आणि त्या राज्यात एक जरी कर्मचारी असला तरी ते लागू होते. हा नियम टाळण्यासाठी काही कंपन्यांनी घरून करायच्या कामाच्या जाहिरातींत ‘कोलोरॅडोतील रहिवाशांनी अर्ज करू नये’ असे लिहिण्यास सुरुवात केली होती. त्यावर राज्याच्या कामगार खात्याला, अशी ओळ घातल्याने सुटका होणार नाही, असा खुलासा करावा लागला. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन यांनी १ जानेवारी २०२३ पासून, न्यूयॉर्क राज्याने १७ सप्टेंबर २०२३ पासून आणि इलिनॉयने १ जानेवारी २०२५ पासून असे नियम लागू केले. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये पंधरा कर्मचाऱ्यांपासून, तर न्यूयॉर्कमध्ये चार कर्मचाऱ्यांपासून हे बंधन आहे.

कंपनी माझा व्हिसा, नागरिकत्व किंवा जन्मदेश विचारू शकते का?

‘आपल्याला अमेरिकेत काम करण्याची परवानगी आहे का?’ आणि ‘आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिपची गरज लागेल का?’ हे दोन प्रश्न कंपनी विचारू शकते आणि त्यांची खरी उत्तरे द्यावीत. ‘आपण मूळचे कुठले?’, ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असे प्रश्न मात्र जन्मदेशावरून भेदभाव केल्याचा पुरावा ठरू शकतात.

येथे एक कटू गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नागरिकत्वाच्या स्थितीवरून भेदभाव करू नये, असे सांगणारी फेडरल तरतूद अमेरिकी नागरिक, निर्वासित, आश्रय मिळालेले लोक आणि बहुतेक ग्रीन कार्डधारक यांना संरक्षण देते. एच-१बी व्हिसावरील व्यक्ती त्या यादीत नाही. त्यामुळे ‘आम्ही स्पॉन्सर करत नाही’ असे कंपनीने सांगितल्यास त्या तरतुदीचा आधार घेता येत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२२ च्या अखेरीस आपल्या मानवाधिकार कायद्यात नागरिकत्व आणि स्थलांतरितविषयक स्थिती यांचा समावेश केला, म्हणून तिथल्या उमेदवारांनी त्या कायद्याविषयी वकिलाला अवश्य विचारावे.

नोकरी मिळाल्यानंतर, काम करण्याची परवानगी पडताळण्यासाठी भरायच्या आय-९ अर्जासाठी कोणती कागदपत्रे दाखवायची, हे मान्य यादीतून कर्मचाऱ्याने निवडायचे असते. ‘ग्रीन कार्डच आणा’ असा हट्ट कंपनीला धरता येत नाही.

जातीवरून भेदभाव झाला तर अमेरिकेत कायदा आहे का?

हा प्रश्न मराठी माणसाने टाळू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवर आधारित भेदभावास नाव घेऊन मनाई केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने तसा निर्णय घेतला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संपूर्ण राज्यासाठी एसबी ४०३ हे विधेयक संमत केले होते, परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. राज्याच्या विद्यमान कायद्यात वंश, कूळ, धर्म, जन्मदेश यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई असल्याने जातिभेदालाही आधीच मनाई आहे, असे कारण त्यांनी दिले.

याचा अर्थ तक्रारीला जागाच नाही, असा नव्हे. याच राज्याच्या नागरी हक्क खात्याने २०२० मध्ये सिस्को कंपनीविरुद्ध, एका दलित अभियंत्याला जातीवरून डावलल्याच्या आरोपावरून, दावा दाखल केला तेव्हा जातीचा स्वतंत्र उल्लेख असलेला कायदा नव्हताच. विद्यमान कायद्यातील शब्दांचाच आधार घेण्यात आला. दोन व्यवस्थापकांवरील वैयक्तिक आरोप २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. मुलाखत घेणारे आणि देणारे दोघेही भारतीय असताना आडनाव, गाव, खाणे यांवरून जात काढण्याचा प्रयत्न होतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तसे प्रश्न आले तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत.

जुना गुन्हा नोंदलेला असल्यास अर्जातच सांगावे लागते का?

हवाई राज्याने १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना अर्जाच्या टप्प्यावर हा प्रश्न विचारण्यास सर्वप्रथम बंदी केली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून, पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला सशर्त नियुक्तीचा प्रस्ताव दिल्यानंतरच ही चौकशी करता येते. चौकशीत काही आढळले तरी लगेच नकार देता येत नाही. तो गुन्हा किती गंभीर होता, त्याला किती काळ लोटला आणि त्याचा या कामाशी काय संबंध, याचा त्या व्यक्तीपुरता स्वतंत्र विचार करून, प्राथमिक निर्णय लेखी कळवून, उत्तरासाठी किमान पाच कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. अनेक राज्यांत मात्र खासगी कंपन्यांवर असे बंधन नाही.

बॅकग्राउंड चेक बाहेरच्या संस्थेकडून करून घेतला जात असेल, तर १९७० चा फेडरल कायदा सर्व राज्यांत लागू होतो. त्यानुसार वेगळ्या कागदावर सूचना, उमेदवाराची लेखी संमती आणि नकार देण्यापूर्वी अहवालाची प्रत, या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. नावांच्या घोळामुळे भलत्याच माणसाची नोंद आपल्या नावावर येऊ शकते आणि देशमुख, पाटील, जोशी अशी सर्रास आढळणारी आडनावे असलेल्यांनी तर ही प्रत मागून घेऊन शेवटपर्यंत वाचावी.

क्रेडिट रिपोर्ट किंवा फेसबुकचा पासवर्ड मागितला तर?

पासवर्ड मागण्यास मेरीलँडने २०१२ मध्ये सर्वप्रथम मनाई केली आणि नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. सर्वांना उघड दिसणाऱ्या पोस्ट पाहण्यास मात्र सहसा मनाई नसते. क्रेडिट रिपोर्टच्या वापरावर इलिनॉय, कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो अशा काही राज्यांनी मर्यादा घातल्या आहेत. पैशांचे थेट व्यवहार हाताळणाऱ्या पदांना बहुतेक ठिकाणी सूट आहे.

जुन्या कंपनीने रेफरन्स किंवा अनुभवपत्र द्यायलाच हवे का?

बहुतेक राज्यांत तसे बंधन नाही. मोठ्या कंपन्या तर धोरण म्हणूनच पद आणि नोकरीच्या तारखा यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि तेही पुष्कळदा एखाद्या बाहेरच्या पडताळणी संस्थेमार्फत. ‘द वर्क नंबर’ ही इक्विफॅक्सची सेवा त्यांतली सर्वांत परिचित आहे. तिच्याकडे आपल्याविषयी असलेली माहिती वर्षातून एकदा मोफत मागवता येते आणि चूक असल्यास हरकत घेता येते.

काही राज्ये अपवाद आहेत. मिनेसोटामध्ये कामावरून काढलेल्या व्यक्तीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत लेखी मागणी केली, तर कंपनीला दहा कामकाजाच्या दिवसांत काढण्याचे खरे कारण लेखी द्यावे लागते. मिझूरीतील कायदा आणखी जुन्या वळणाचा आहे. सात किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत किमान नव्वद दिवस काम केलेल्या व्यक्तीने, नोकरी सुटल्यापासून एका वर्षाच्या आत, सर्टिफाइड टपालाने आणि त्या कलमाचा उल्लेख करून पत्र पाठवले, तर कंपनीने पंचेचाळीस दिवसांत कामाचे स्वरूप, कालावधी आणि नोकरी सुटण्याचे खरे कारण लिहून द्यायचे असते. ईमेलने केलेली मागणी या कलमात बसत नाही, म्हणून टपालाचा खर्च वाचवू नये.

ग्रीन कार्डाच्या वाटेवर असलेल्यांसाठी हा विषय फार नाजूक आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डासाठी पूर्वीच्या अनुभवाचा पुरावा म्हणून जुन्या कंपन्यांची, कामाचे वर्णन असलेली पत्रे लागतात. आणि नेमके तेच पत्र देण्यास कंपनीचे एचआर नकार देते, कारण राज्याचा कायदा त्यांना भाग पाडत नाही. कंपनीचे पत्र मिळणे अशक्य असल्यास फेडरल नियम इतर पुराव्याचा विचार करण्याची मुभा देतात, आणि म्हणून सहकाऱ्यांची किंवा माजी वरिष्ठांची प्रतिज्ञापत्रे जोडली जातात. सर्वांत शहाणपणाचे म्हणजे नोकरीत असतानाच, संबंध चांगले असताना, असे पत्र मागून ठेवावे. भारतातील जुन्या कंपन्यांच्या बाबतीत तर याला उशीर करूच नये, कारण कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात आणि पत्रावर सही करू शकणारी माणसे पांगतात.

जुनी कंपनी माझ्याविषयी वाईट सांगत असेल तर काय करता येते?

बहुतेक राज्यांनी रेफरन्स देणाऱ्या कंपनीला काही अटींवर संरक्षण दिले आहे. माहिती प्रामाणिकपणे दिली असेल तर केवळ ती प्रतिकूल आहे म्हणून बदनामीचा दावा टिकत नाही. फ्लोरिडामध्ये कंपनीने जाणूनबुजून खोटी माहिती दिली हे स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवावे लागते. कॅलिफोर्नियात द्वेषबुद्धी नसेल तर कामगिरीविषयी बोलण्यास आणि ‘या व्यक्तीला पुन्हा घ्याल का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यास संरक्षण आहे.

पण जिथे खोटेपणा आहे तिथे कायदा कडकही होतो. माजी कर्मचाऱ्याला नोकरी मिळू नये म्हणून खोटी माहिती देणे हा कॅलिफोर्नियात फौजदारी गुन्हा आहे आणि नुकसानीच्या तिप्पट भरपाई मागता येते. कामगारांची काळी यादी करून ती इतर मालकांमध्ये फिरवण्यास मनाई करणारे कायदे अनेक राज्यांत आहेत. संपात भाग घेतलेल्या कामगाराला दुसऱ्या कोणत्याही रेल्वे कंपनीने उभे करू नये, असा खटाटोप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होत असे, त्यातून यांतले कित्येक कायदे आले. भेदभावाची तक्रार केल्याचा सूड म्हणून वाईट रेफरन्स दिला गेला, तर फेडरल संरक्षण माजी कर्मचाऱ्यालाही मिळते, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध शेल ऑइल या खटल्यात दिला.

मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ मधील एक निकाल येथे सांगण्यासारखा आहे. इक्विटेबल लाइफ या विमा कंपनीने चार कर्मचाऱ्यांना ‘घोर अवज्ञा’ असे कारण देऊन काढले होते. प्रवासखर्चाचे हिशेब कंपनीच्या सांगण्यावरून बदलण्यास त्यांनी नकार दिला होता. कंपनीने बाहेर कोणाला काहीही सांगितले नाही, पण प्रत्येक नव्या मुलाखतीत ‘आधीची नोकरी का सुटली?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे तर त्या चौघींना स्वतःच्या तोंडून तो आरोप उच्चारावा लागत होता. अशा वेळी बदनामी कंपनीनेच केली असे मानता येते, असे न्यायालयाने म्हटले. पुष्कळ राज्यांनी हा विचार स्वीकारलेला नाही. तरीही खरे बोलणाऱ्या माणसाची कोंडी न्यायालयाने इतक्या नेमकेपणाने ओळखली, याचे मला मोल वाटते.

कोणी माझ्याकडे रेफरन्स मागितला, तर भरभरून चांगलेच लिहावे का?

आपल्याकडे भिडेखातर शिफारस करण्याची पद्धत आहे. अमेरिकेत ती अंगाशी येऊ शकते. कॅलिफोर्नियातील एका शाळा-अधिकाऱ्यावर विद्यार्थिनींशी गैरवर्तन केल्याचे आरोप होते, तरीही आधीच्या शाळांच्या अधिकाऱ्यांनी त्याला निःसंदिग्ध प्रशंसेची पत्रे दिली, आणि पुढच्या शाळेत एका मुलीने त्याच्यावर तसाच आरोप केला. १९९७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, इतरांना शारीरिक इजा होण्याचा धोका दिसत असताना अर्धसत्य सांगून दिशाभूल करणारे पत्र लिहिणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. काहीच न बोलणे कायद्याने चालते. पण बोलायला सुरुवात केली की दिशाभूल करता येत नाही. शिवाय कंपनीच्या लेटरहेडवर लिहिण्यापूर्वी आपल्या कंपनीचे धोरण पाहावे.

कंपनीकडे असलेली माझी फाइल मला पाहता येते का?

खासगी कंपन्यांपुरता असा सर्वसाधारण फेडरल हक्क नाही. कॅलिफोर्नियात लेखी मागणीनंतर तीस दिवसांत फाइल दाखवावी लागते, माजी कर्मचाऱ्यालाही. पण रेफरन्सची पत्रे त्यातून वगळलेली आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये ही मुदत पाच कामकाजाच्या दिवसांची आहे. मिशिगनमध्ये १९७८ पासून आणि इलिनॉय, मिनेसोटा इत्यादी राज्यांतही असे कायदे आहेत. न्यूयॉर्कमध्ये खासगी नोकरदारांना असा सर्वसाधारण हक्क नाही.

कामाबाहेर सिगारेट ओढली किंवा दारू घेतली म्हणून कंपनी काढू शकते का?

सुमारे तीस राज्यांत निदान तंबाखूच्या बाबतीत संरक्षण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हे कायदे झाले. आरोग्यविम्याचा खर्च कमी करण्यासाठी कंपन्या धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीच नाकारू लागल्या होत्या, आणि त्याविरुद्ध तंबाखू उद्योग आणि नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी एसीएलयू ही संस्था एकाच बाजूला उभे राहिले. काही राज्यांनी फक्त तंबाखूला, तर इलिनॉय, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांनी सर्व कायदेशीर उत्पादनांच्या सेवनाला संरक्षण दिले. कोलोरॅडोने १९९० मध्ये त्याही पुढे जाऊन, कामाच्या वेळेबाहेर आणि कंपनीच्या आवाराबाहेर केलेल्या कोणत्याही कायदेशीर कृतीवरून काढता येणार नाही, असे म्हटले. नॉर्थ डकोटाचा कायदाही असाच विस्तृत आहे. कामाच्या स्वरूपाशी खरा संबंध असेल किंवा हितसंबंधांचा संघर्ष होत असेल, तर कोलोरॅडोतही कंपनीला सूट मिळते.

संरक्षण नसेल तर काय होते, हे मिशिगनमध्ये २००५ मध्ये दिसले. तिथल्या वेयको या कंपनीने धूम्रपान पूर्णपणे बंद करण्याचे धोरण आखले, अगदी घरच्या धूम्रपानासकट, आणि चाचणीस नकार देणाऱ्या कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. मिशिगनमध्ये त्यांना रोखणारा कायदा नव्हता.

राज्यात गांजा कायदेशीर असेल, तर तो घेतल्याबद्दल नोकरी जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नावर आहेत. ब्रँडन कोट्स हे कोलोरॅडोतील गृहस्थ चारही अवयवांनी अपंग होते आणि डिश नेटवर्क कंपनीत ग्राहकसेवेचे काम करीत. स्नायूंना येणाऱ्या पेटक्यांवर उपाय म्हणून, राज्याच्या परवान्याने, ते कामाबाहेर घरी वैद्यकीय गांजा घेत. चाचणीत अंश आढळल्याने २०१० मध्ये त्यांना काढण्यात आले. कोलोरॅडोचा ‘कायदेशीर कृती’चा कायदा आपल्याला वाचवील, अशी त्यांची बाजू होती, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले की कृती राज्याच्या आणि फेडरल, अशा दोन्ही कायद्यांनुसार कायदेशीर असली तरच ती ‘कायदेशीर’. फेडरल कायद्यात गांजाला मनाई असल्याने ते हरले. ज्याच्या कामाबद्दल तक्रार नव्हती, अशा माणसाच्या बाबतीत हा निकाल कठोर वाटतो, आणि तो अनेक विधिमंडळांनाही कठोर वाटला असावा.

न्यूयॉर्कने २०२१ मध्ये कामाबाहेरच्या कायदेशीर गांजासेवनाला स्पष्ट संरक्षण दिले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून, नशा न आणणारे जुने अंश दाखवणाऱ्या चाचणीवरून कारवाई करण्यास मनाई केली आणि उमेदवाराला पूर्वीच्या सेवनाविषयी विचारण्यासही बंदी घातली; बांधकाम व्यवसाय आणि फेडरल सुरक्षा तपासणी लागणारी पदे यांना त्यातून सूट आहे. वॉशिंग्टन राज्यात त्याच तारखेपासून संरक्षण मिळाले, पण केवळ भरतीच्या टप्प्यावर. कामावर असताना नशेत राहण्याची मुभा कोणत्याच राज्यात नाही, आणि ट्रकचालकांसारख्या, फेडरल वाहतूक खात्याच्या चाचण्या लागू असलेल्या कामांना राज्याचे संरक्षण पोहोचत नाही.

ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही, त्यांनी मात्र यांतील कोणत्याही राज्याच्या कायद्यावर विसंबून गांजाला हात लावू नये. नोकरी कदाचित टिकेल, परंतु स्थलांतराचा सारा कारभार फेडरल कायद्याने चालतो. व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व या तिन्ही टप्प्यांवर केवळ सेवनाची कबुलीही अडचण आणू शकते, आणि राज्यात ते कायदेशीर होते हा बचाव तिथे चालत नाही. उच्च शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींना हे घरच्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावे.

मोर्चात गेलो किंवा सोशल मीडियावर राजकीय मत मांडले तर?

अमेरिकी राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारला बांधते, खासगी कंपनीला नाही. त्यामुळे येथेही राज्याकडेच पाहावे लागते. कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्यांच्या राजकीय कृतींवर नियंत्रण ठेवणारे नियम करण्यास किंवा काढण्याची धमकी देऊन त्यांना वळवण्यास मनाई आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘राजकीय कृती’ची व्याख्या अरुंद आहे, निवडणूक लढवणे, उमेदवाराचा प्रचार करणे आणि पक्षासाठी वा उमेदवारासाठी निधी गोळा करणे एवढेच तिच्यात येते, त्यामुळे नुसत्या पोस्टला ती पुरेलच असे नाही. कनेक्टिकटचा कायदा वेगळा आहे. घटनेतील अभिव्यक्तीचा हक्क बजावल्याबद्दल खासगी कंपनीलाही शिक्षा करता येत नाही, मात्र त्या बोलण्याने कामात किंवा कामाच्या संबंधांत मोठा व्यत्यय येता कामा नये.

सहकाऱ्यांनी आपापसांत पगार आणि कामाच्या अटी यांविषयी बोलणे, तेही समाजमाध्यमांवर, याला फेडरल कामगार कायद्याचे संरक्षण आहे; पर्यवेक्षकांना ते मिळत नाही. ‘पगार कोणाला सांगू नका’ असा दम साध्या कर्मचाऱ्याला कोणत्याही राज्यातील बहुतेक खासगी कंपन्यांना देता येत नाही.

सहकाऱ्याशी प्रेमसंबंध असल्यास?

न्यूयॉर्कचा १९९२ चा कायदा खेळ, छंद, वाचन, चित्रपट पाहणे अशा मनोरंजनाच्या कृतींना संरक्षण देतो. वॉलमार्टच्या दोन कर्मचाऱ्यांना एकमेकांशी असलेल्या संबंधांवरून काढले, तेव्हा राज्याच्या अपील न्यायालयाने १९९५ मध्ये प्रेमसंबंध ‘मनोरंजन’ या व्याख्येत बसत नाहीत, असे ठरवले. म्हणून कंपनीचे धोरण वाचून, आवश्यक असल्यास एचआरला कळवणे बरे.

नोकरी सांभाळून स्वतःचे अ‍ॅप बनवले किंवा दुसरे काम घेतले तर?

कॅलिफोर्नियात स्वतःच्या वेळेत, कंपनीचा लॅपटॉप, साहित्य किंवा गोपनीय माहिती न वापरता केलेली निर्मिती कंपनीला आपल्या नावावर लिहून घेता येत नाही. ती कंपनीच्या व्यवसायाशी किंवा आपल्या तिथल्या कामाशी संबंधित असेल तर मात्र घेता येते. वॉशिंग्टन, इलिनॉय आणि मिनेसोटा यांनीही तसेच कायदे केले आहेत. वॉशिंग्टनमध्ये किमान वेतनाच्या दुपटीहून कमी कमावणाऱ्याला दुसरी नोकरी करण्यापासून सहसा अडवता येत नाही.

एच-१बी व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याच कामाची परवानगी असते. राज्याने कितीही मोकळीक दिली तरी शनिवार-रविवारी टॅक्सी चालवणे किंवा मोबदला घेऊन शिकवण्या घेणे, हे व्हिसाच्या अटींचे उल्लंघन ठरते.

तक्रार कोठे आणि किती दिवसांत करावी?

भेदभावाची फेडरल तक्रार ईईओसी या आयोगाकडे १८० दिवसांत करावी लागते. राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तर ही मुदत ३०० दिवसांची होते, आणि बहुतेक राज्यांत ती आहे. कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याकडे तीन वर्षांत तक्रार करता येते. न्यूयॉर्क राज्यात १५ फेब्रुवारी २०२४ पासून घडलेल्या घटनांसाठी तीन वर्षांचीच मुदत आहे. कॅलिफोर्नियात कामाबाहेरच्या कायदेशीर वर्तनावरून किंवा राजकीय कृतीवरून सूड उगवला गेल्यास लेबर कमिशनरकडे एका वर्षात जावे लागते. कोलोरॅडोत कामाबाहेरच्या वर्तनाबाबत थेट दिवाणी न्यायालयात दावा करायचा असतो.

एच-१बी व्हिसावरील व्यक्तीला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांचा अवधी मिळतो आणि या धावपळीत तक्रारीचा विषय मागे पडतो. देश सोडावा लागला तरी तक्रारीचा हक्क संपत नाही. काढल्याचे पत्र, कामगिरीचे अहवाल, पगाराच्या पावत्या आणि आपल्याला आलेले संदेश यांच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. मात्र कंपनीची गोपनीय माहिती स्वतःच्या ईमेलवर पाठवू नये, कारण पुढे तेच आपल्याविरुद्ध वापरले जाते. सेव्हरन्सची, म्हणजे नोकरी संपवताना दिली जाणारी, रक्कम देताना कंपनी ज्या करारावर सही मागते, त्यात बहुधा सर्व दावे सोडून दिल्याचे कलम असते. चाळीस किंवा त्याहून अधिक वय असलेल्या व्यक्तीला वयासंबंधीचे फेडरल दावे सोडण्यापूर्वी विचारासाठी किमान २१ दिवस आणि सही केल्यावर माघार घेण्यासाठी सात दिवस मिळतात. त्याहून लहान असलेल्यांनी सही करण्याआधी लेखी मुदत मागावी आणि तेवढ्यात तो करार वकिलाला दाखवावा.